आरशाचे जाणे : निकॉन डी ७०० व निकॉन झेड ६ या दोन कॅमेऱ्यांची ऐतिहासिक तुलना

उपकरणांचा इतिहास लिहिताना एक सोपी वाट नेहमीच उपलब्ध असते. नवे आले, ते अधिक चांगले होते, म्हणून जुने गेले, असे म्हणून मोकळे होता येते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील कॅमेऱ्याच्या स्थित्यंतराविषयी जे सांगितले जाते, ते बहुधा याच वाटेने जाते. आरसा असलेला डिजिटल कॅमेरा जुना व जड. आरसा नसलेला कॅमेरा नवा, हलका व शीघ्रगती. सबब पहिल्याचा अस्त व दुसऱ्याचा उदय. हे विधान खोटे नाही. परंतु ते इतिहास नव्हे, निकाल आहे. निकाल कोणत्या पुराव्यावर लागला, कोणत्या मुद्द्यांचा विचार झाला आणि कोणते मुद्दे विचारातच घेतले गेले नाहीत, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राच्या जिज्ञासूंचा नाही. आज मोडी कागद, ताम्रपट, शिलालेख, जीर्ण पोथ्या यांच्या प्रती बहुतेक कॅमेऱ्यानेच घेतल्या जातात, आणि मूळ कागदाला एकदाच हात लावून पुढील सर्व वाचन आपण त्या प्रतीवरून करतो. साधनांची चिकित्सा करणाऱ्याने प्रत कोणत्या यंत्रातून व कशी उतरली याची चिकित्सा करू नये, हे विसंगत होय. म्हणून येथे एकाच उत्पादकाचे, सुमारे दहा वर्षांच्या अंतराने निघालेले दोन कॅमेरे तुलनेसाठी घेतले आहेत : २००८ साली जाहीर झालेला निकॉन डी ७०० आणि २०१८ साली जाहीर झालेला निकॉन झेड ६. दोहोंचे चित्रक्षेत्र ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढेच आहे. त्यामुळे त्यांची तुलना समान पायावर करता येते.

१

आरसा कॅमेऱ्यात का आला, हे प्रथम पाहिले पाहिजे. भिंगातून येणारी प्रतिमा आडव्या काचेवर पाडण्यासाठी तिरपा आरसा लावण्याची युक्ती छायाचित्रणाच्याही आधीची आहे. चित्रकारांच्या उपयोगाच्या अंधारपेटीत ती वापरली जात असे, आणि योहान झान या जर्मन ग्रंथकाराने १६८५ साली अशा पेटीची आकृती छापली आहे. छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतर १८६१ साली टॉमस सटन याने इंग्लंडमध्ये आरसा असलेल्या एकभिंगी कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. प्रश्न साधा होता. ज्या भिंगातून चित्र घ्यावयाचे, त्याच भिंगातून आधी ते पाहता कसे येईल? फिल्म किंवा काच जागेवर असताना तिच्यामागून पाहणे अशक्य. तेव्हा प्रकाश वाटेतच अडवून डोळ्याकडे वळवावयाचा आणि ऐन क्षणी अडथळा दूर करावयाचा, हे त्याचे उत्तर होते.

या उत्तराला प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाच्या परंपरेतील रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी निराळी व चित्र घेण्याचे भिंग निराळे असे. हे कॅमेरे लहान, शांत व चपळ होते. परंतु वस्तू जवळ असली की खिडकीतील दृश्य व भिंगातील दृश्य यांत फरक पडे, आणि लांब पल्ल्याच्या भिंगांसाठी ही खिडकी अपुरी पडे. दस्तऐवजाची प्रत घेणाराला ही अडचण विशेष जाणवत असे. कागदाची कड चौकटीत आली की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळावयाचे.

आरशाच्या कॅमेऱ्यातही उणिवा होत्या. १९३६ च्या किने एक्झाक्टा या ड्रेस्डेन येथील कॅमेऱ्यात वरून खाली पाहावे लागे व प्रतिमा उजवी-डावी उलटी दिसे. १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात पंचकोनी लोलक बसवून ती सुलटी करण्यात आली. चित्र घेतल्यावर आरसा वरच राहून डोळ्यांपुढे अंधार होई; १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्स २ बी या कॅमेऱ्यात आरसा आपोआप लगेच खाली येऊ लागला. १९५९ च्या निकॉन एफमध्ये या सर्व सुधारणा एकत्र आल्या, आणि वृत्तछायाचित्रकारांनी तो उचलून धरला. एका आविष्काराने नव्हे, तर एकामागून एक अडचण दूर होत गेल्याने आरसा प्रस्थापित झाला. पुढे तो ज्या रीतीने गेला, तीही अशीच आहे.

२

डिजिटल युग सुरू झाल्यावर आरशाचे मूळ कारण तत्त्वतः संपले होते. फिल्ममागून पाहता येत नाही; परंतु सेन्सरवर पडलेली प्रतिमा विद्युत्‌संदेशाच्या रूपाने वाचता येते आणि पडद्यावर दाखविता येते. असे असूनही कोडॅकने १९९१ साली व्यावसायिकांसाठी जो डिजिटल कॅमेरा काढला, तो निकॉन एफ ३ या फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यावर कलम केलेला होता. त्यात सुमारे १३ लाख पिक्सेलचा सेन्सर होता आणि चित्रे साठविण्याचा संच वेगळा खांद्याला अडकवावा लागे. १९९९ च्या निकॉन डी १ मध्येही आरसा होताच. कारण संपल्यावरही कार्य टिकून राहिले, ते का?

याला तीन कारणे दिसतात. पहिले, मोठ्या सेन्सरवरील प्रतिमा सेकंदाला पुष्कळ वेळा वाचण्याइतके वेगवान व अल्पविद्युत्‌भक्षी परिपथ त्या काळी नव्हते. दुसरे, डोळ्याला लावण्याजोगे लहान पडदे इतके ढोबळ होते की, त्यांवर फोकस पारखणे कठीण जाई. तिसरे कारण यंत्राचे नसून समाजाचे आहे. वृत्तसंस्थांजवळ व छायाचित्रकारांजवळ वर्षानुवर्षे जमविलेली भिंगे होती. भिंग ज्या कड्यावर बसते ती बैठक बदलणे म्हणजे ही सारी पुंजी मोडीत काढणे. जमीनधारा बदलली तरी शेताचे बांध जुनेच राहतात, तसा हा प्रकार होता. निकॉनची १९५९ ची बैठक डी ७०० मध्येही मूळ मापाचीच आहे.

३

डी ७०० चे अंतरंग पाहिले असता असे दिसते की, आरशाकडे केवळ दृश्य दाखविण्याचे एकच काम उरले नव्हते. मुख्य आरसा काही अंशी पारदर्शक असतो. त्यातून पार होणारा प्रकाश मागील छोट्या आरशावरून पेटीच्या तळाशी असलेल्या स्वतंत्र सेन्सरकडे जातो, आणि तेथे ५१ बिंदूंवर फोकसचे गणित होते. वर परावर्तित झालेला प्रकाश पंचकोनी लोलकातून डोळ्याकडे जातो; त्याच मार्गावर १,००५ पिक्सेलचा आणखी एक सेन्सर प्रकाशमापन करतो. शेवटी आरसा उचलला गेला की १ कोटी २१ लाख पिक्सेलचा मुख्य सेन्सर चित्र घेतो. म्हणजे पाहणारा एक, फोकस ठरविणारा दुसरा, प्रकाश मोजणारा तिसरा आणि नोंद करणारा चौथा, असे चार साक्षीदार एका पेटीत बसलेले आहेत व आरसा त्यांच्यात प्रकाशाची वाटणी करीत आहे.

या श्रमविभागणीचे लाभ मोठे होते. फोकसचा सेन्सर केवळ त्याच कामासाठी घडविलेला असल्याने धावत्या वस्तूवरही तो तत्काळ निर्णय देई. डोळ्याला प्रत्यक्ष प्रकाश मिळे. मध्ये वीज नाही, विलंब नाही. विजेचा खर्चही थोडा होता. जपानी उत्पादकांच्या सीपा या संघटनेच्या मोजणीपद्धतीनुसार डी ७०० ची बॅटरी एका भरणीत सुमारे १,००० चित्रे देते, झेड ६ ची सुमारे ३१०.

परंतु चार कारकुनांच्या चार वह्या असल्या की त्यांचा ताळा जुळवावा लागतो. तळाचा सेन्सर ज्याला फोकस म्हणतो आणि मुख्य सेन्सर ज्याला फोकस म्हणतो, त्यांत केसभर अंतर पडले की चित्र किंचित अस्पष्ट येते. डी ७०० मध्ये प्रत्येक भिंगासाठी ही चूक हाताने दुरुस्त करण्याची सोय ठेवावी लागली आहे. दुसरे असे की, ५१ बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटलेले आहेत. कारण लहान आरशातून तेवढ्याच भागाचा प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. तिसरे, व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो. ज्या आरशाने भिंगातून पाहण्याचे वचन दिले, त्याने ते जवळजवळ पाळले, पुरते नाही.

याच कॅमेऱ्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ऐतिहासिक दृष्ट्या फार महत्त्वाची आहे. लाइव्ह व्ह्यू हा पर्याय निवडला असता त्याचा आरसा वर उचललेला राहतो व मुख्य सेन्सरवरील संपूर्ण प्रतिमा मागील तीन इंची पडद्यावर दिसते. त्या अवस्थेत डी ७०० हा वस्तुतः आरसाविरहित कॅमेराच होतो. मात्र मंद, कारण तिपाईवर ठेवून करण्याच्या सूक्ष्म कामात फोकसही मुख्य सेन्सरवरील प्रतिमेच्या ठळकपणावरूनच शोधावा लागतो. तात्पर्य, नव्या पद्धतीने जुन्या पद्धतीवर बाहेरून स्वारी केली नाही. ती जुन्याच घरातील एका खोलीत वाढत होती.

४

ज्या वर्षी डी ७०० निघाला, त्याच वर्षी पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी १ हा कॅमेरा जाहीर केला. बदलता येणारी भिंगे, लहान सेन्सर, आरसा नाही, आणि डोळ्याशी विद्युत्‌पडदा, अशी त्याची रचना होती. हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे; एका परंपरेची परिपक्व कृती आणि दुसरीचा आरंभ एकाच सालातील आहेत. पुढील टप्पे थोडक्यात असे. सोनीने २०१० साली प्रथम एनईएक्स ही आरसाविरहित मालिका आणली; त्याच वर्षी न हलणाऱ्या अर्धपारदर्शक आरशाचे कॅमेरेही काढले, जी तडजोड कॅननने पेलिक्स या कॅमेऱ्यात १९६५ सालीच करून पाहिली होती. निकॉनने २०११ साली लहान सेन्सरची निकॉन १ ही मालिका काढली. तीत मुख्य सेन्सरवरच फोकस मोजणारे पिक्सेल बसविलेले होते. ती मालिका टिकली नाही, परंतु तिच्यातील तत्त्व टिकले. २०१३ साली सोनीने ए ७ च्या रूपाने ३५ मिलिमीटर चौकटीएवढा सेन्सर आरसाविरहित कॅमेऱ्यात आणला, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन हे दोन मोठे एसएलआर-उत्पादकही त्या मार्गाला लागले.

झेड ६ मध्ये चारही कामे २ कोटी ४५ लाख पिक्सेलच्या एकाच सेन्सरकडे आली आहेत. फोकसचे २७३ बिंदू त्या सेन्सरवरच असल्यामुळे चौकटीचा आडवा व उभा सुमारे ९० टक्के विस्तार त्यांच्या आवाक्यात येतो. फोकसचा निर्णय आणि चित्राची नोंद एकाच पृष्ठावर होत असल्याने वह्यांचा ताळा जुळविण्याचा प्रश्न बहुतांशी मिटतो. नेत्रिकेत शंभर टक्के चौकट दिसते, आणि घेतल्यावर चित्र किती उजळ वा काळोखे येईल हे आधीच कळते. आरशाच्या हालचालीची वाट पाहावी लागत नसल्याने वेग सेकंदाला १२ चित्रांपर्यंत जातो. डी ७०० चा स्वतःचा वेग सेकंदाला ५ चित्रे होता. बॅटरी वगळता डी ७०० चे वजन ९९५ ग्रॅम, झेड ६ चे ५८५ ग्रॅम.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून ही यादी प्रामाणिक होणार नाही. डी ७०० च्या नेत्रिकेत दिसते ते दृश्य; झेड ६ च्या नेत्रिकेत दिसते ती दृश्याची प्रतिमा. पहिल्यात कॅमेरा बंद असला तरी भिंगापलीकडचे जग दिसत राहते, दुसऱ्यात पडदा काळा होतो. हा फरक भावनेचा नाही, ज्ञानप्रकाराचा आहे. पहिल्या कॅमेऱ्याने वस्तू दाखविली, चित्राविषयी तर्क करावयास लावला. दुसरा चित्र दाखवितो, वस्तूविषयी तर्क करावयास लावतो.

५

आरसा गेल्याने भिंगाच्या रचनेत जो बदल झाला तो बाहेरून दिसत नाही, पण परिणामाने सर्वांत दूरगामी आहे. आरशाला हलण्यास जागा हवी, म्हणून निकॉनच्या जुन्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. विस्तीर्ण कोनाच्या भिंगाचे नाभ्यंतर याहून पुष्कळ कमी असते. तेव्हा असे भिंग उलट्या दुर्बिणीसारख्या लांबलचक रचनेने तयार करणे भाग पडे. १९५० साली फ्रान्सच्या आंजेन्यू या कारखान्याने ३५ मिलिमीटरचे तसे भिंग काढले ते आरशासाठीच. झेड बैठकीत हे अंतर १६ मिलिमीटर आहे आणि बैठकीचा व्यास ४४ वरून ५५ मिलिमीटर झाला आहे. भिंगाची शेवटची काच आता सेन्सरच्या निकट आणि मोठी ठेवता येते. सुमारे साठ वर्षे प्रकाशशास्त्रज्ञांवर असलेला एक निर्बंध उठला.

निर्बंध उठला तसे एक बंधनही सैल झाले. काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये भिंगाचा दोष जसाच्या तसा दिसे. सरळ रेषा वाकडी दिसली तर ग्राहक तक्रार करी. म्हणून तो दोष काचेतच कमी करणे रचनाकारास भाग होते. विद्युत्‌पडद्यावर तो दोष आधीच गणिताने सुधारून दाखविता येतो. त्यामुळे नव्या पद्धतीतील कित्येक भिंगांत रेषांची वक्रता काचेने न घालविता गणितावर सोपविलेली आढळते, आणि तिच्या दुरुस्तीची सूचना चित्राच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. सामान्य छायाचित्रात याने काही बिघडत नाही. परंतु शिलालेखाच्या अक्षरांची उंची किंवा नकाशावरील अंतर चित्रावरून मोजणाऱ्या अभ्यासकाने, आपण मोजतो ती रेषा भिंगाने काढलेली आहे की गणिताने, हे विचारले पाहिजे. पाठचिकित्सेत लेखकाचा पाठ व प्रतकाराची दुरुस्ती आपण वेगळी करतो. येथे प्रतकार यंत्र आहे, एवढेच.

जुन्या भिंगांची पुंजी पुरती बुडाली नाही. जोडकडे लावून एफ बैठकीची भिंगे झेड ६ वर बसतात. परंतु ज्या भिंगांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटरने दांडीच्या योगे फिरविला जाई, त्यांचा स्वयंचलित फोकस निकॉनच्या जोडकड्यावर चालत नाही. तो हाताने करावा लागतो. वारसा मिळतो, पण काही अटींवर.

६

आता दप्तरखान्यातील प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने दोहोंचा विचार करू. ए ४ आकाराचा कागद चौकटीत पूर्ण भरून घेतला, तर डी ७०० च्या चित्रात एका इंचात सुमारे ३४० पिक्सेल येतात, झेड ६ च्या चित्रात सुमारे ४८५. ३०० ही मर्यादा वाचनीय प्रतीसाठी सामान्यतः पुरेशी मानली जाते. म्हणजे एकेरी कागद वाचण्यापुरता २००८ चा कॅमेरा आजही निकामी ठरत नाही. मोठा नकाशा, लांब वळी किंवा अंधुक झालेली शाई असेल तर मात्र नव्या सेन्सरचा लाभ स्पष्ट आहे.

आरसा आपटल्याचा हादरा मंद शटरगतीला चित्र पुसट करतो. झेड ६ मध्ये तो नाही, आणि सेन्सर स्वतः हलून हाताचा कंपही सावरून घेतो. अजिंठ्यासारख्या ठिकाणी, जेथे फ्लॅशला मनाई आहे व उजेड थोडा आहे, तेथे हा गुण मोलाचा ठरतो. वाचनकक्षात शटरचा आवाज न होता चित्र घेता येते, हीही सोय आहे. परंतु या मूक पद्धतीत सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडील विजेवर जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते व मंदावते. परिणामी कागदाच्या चित्रावर आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. न सांगता पाहणारा हे पट्टे कागदाच्याच डागांत जमा करील. अशा ठिकाणी यांत्रिक शटर वापरावे, किंवा खिडकीच्या उजेडात काम करावे. पुढे २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये सेन्सर इतक्या वेगाने वाचला जाऊ लागला की, यांत्रिक शटरच काढून टाकण्यात आले. पण झेड ६ च्या पिढीला ही सूचना लागू आहे.

दिवसभर कागद घेणाराला बॅटरीचा हिशेबही करावा लागतो. एका दिवसात हजार पाने घ्यावयाची तर डी ७०० ला जवळजवळ एक भरणी पुरते. झेड ६ घेऊन जाणाराने दोन-तीन बॅटऱ्या बरोबर ठेवलेल्या बऱ्या.

७

या तुलनेवरून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट ही की, आरसा वाईट होता म्हणून गेला नाही. त्याच्याकडे असलेली तीनही कामे, दृश्य दाखविणे, फोकस व प्रकाशमापन, एकेक करून दुसऱ्याने उचलली, आणि शेवटचे काम गेल्यावर त्याची जागा रिकामी झाली. संस्थांचाही अस्त पुष्कळदा असाच होतो. अधिकार एका फर्मानाने जात नाहीत. खाती एकामागून एक निघून जातात आणि अखेरीस पदच उरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, या स्थित्यंतरामागे केवळ गुणवत्ता नव्हती. सीपाच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२० साली ही संख्या एक कोटीच्याही आत आली, कारण सामान्य माणसाचा कॅमेरा मोबाइल फोनमध्ये सामावला होता. त्याच २०२० साली आरसाविरहित कॅमेऱ्यांची संख्या प्रथमच एसएलआरपेक्षा अधिक झाली. विजय मिळाला तो आकुंचन पावत असलेल्या राज्यात. आटत्या बाजारात दोन बैठका, दोन भिंगमालिका चालविणे कारखान्यांना परवडणारे नव्हते. एकीची निवड करणे प्राप्त होते. तरीही परंपरा पूर्णपणे तुटलेली नाही. पेन्टॅक्सने २०२३ साली केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा नवा एसएलआर काढला, ही गोष्ट बोलकी आहे.

तिसरी गोष्ट अभ्यासकांच्या कर्तव्याची आहे. चार साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहता येत होत्या. आता साक्षीदार एकच उरला आहे, आणि तोच दाखवितो, तोच मोजतो, तोच नोंद करतो. त्याची साक्ष अधिक सुसंगत आहे यात शंका नाही. परंतु सुसंगत साक्ष ही खरी साक्ष असतेच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. म्हणून दप्तराची प्रत घेताना कागदाशेजारी मोजपट्टी व रंगांची पट्टी ठेवावी, मूळ फाइल दुरुस्तीविना जपावी, आणि कोणता कॅमेरा, कोणते भिंग, कोणता प्रकाश व कोणते शटर वापरले, याची नोंद प्रतीसोबत ठेवावी. कॅमेरा जुना की नवा यापेक्षा ही नोंद आहे की नाही, यावर त्या प्रतीचे साधनमूल्य पुढील अभ्यासकाच्या हाती ठरणार आहे.